एक लिपी, दोन भाषा : डिजिटल माध्यमांच्या पदव्युत्तर अभ्यासाची तौलनिक बाजू

1

छत्तीसगढमधील भिलाईच्या हथखोज या औद्योगिक परिसरात वाढलेला, घरी मराठी बोलणारा आणि शाळेत हिंदी माध्यमातून शिकलेला एखादा विद्यार्थी कल्पावा. पदवीनंतर त्याला डिजिटल माध्यमांचा अभ्यास करावयाचा आहे. त्याच्यापुढे स्थूलमानाने दोन वाटा असतात. एक वाट पत्रकारिता व जनसंज्ञापन विभागाकडे जाते. रायपूर येथे 2005 पासून त्यासाठी एक स्वतंत्र विद्यापीठच कार्यरत आहे. या वाटेवर माध्यम हे प्रामुख्याने निर्मितीचे कौशल्य म्हणून शिकविले जाते : दृश्य कसे टिपावे, मजकूर कसा घडवावा, तो कोणापर्यंत कसा पोहोचवावा. दुसरी वाट भाषा-साहित्य विभागाकडे जाते. तेथे डिजिटल माध्यमे बहुधा एखाद्या ऐच्छिक अभ्यासपत्रिकेच्या रूपाने, 'संगणक आणि भाषा' किंवा 'माध्यमांसाठी लेखन' अशा शीर्षकाखाली भेटतात. साहित्याचा खरा अभ्यास अन्य पत्रिकांत होतो आणि ही पत्रिका रोजगाराच्या हेतूने त्याला जोडलेली असते.

दोन्ही वाटांवर एक प्रश्न विचारला जात नाही. पडद्यावर दिसणारी संहिता ही नेमकी काय वस्तू आहे? ती कोणत्या भाषेत आहे, हे कोण ठरवते? छापील पानावरून पडद्यावर येताना तिच्यात काय बदलले आणि तो बदल कोणाच्या लक्षात आला? प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, हे प्रश्न तंत्रज्ञानाचे असण्याआधी पाठचिकित्सेचे आणि तौलनिक साहित्याभ्यासाचे आहेत. डिजिटल माध्यमांच्या पदव्युत्तर अभ्यासाचा आरंभ येथून झाला नाही, तर त्यातून साधनांचे कुशल चालक निर्माण होतील. वाचक आणि चिकित्सक निर्माण होणार नाहीत. हथखोजच्या विद्यार्थ्याचे उदाहरण सोयीसाठी घेतलेले नाही. ज्या प्रदेशात तो राहतो, त्या प्रदेशाच्या वाङ्मयीन इतिहासातच या प्रश्नांची सर्वांत स्पष्ट मांडणी सापडते.

2

भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो जिल्हा 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा भाग होता. मराठी आणि हिंदी या भाषांची येथील सरमिसळ प्रशासन, शिक्षण आणि मुद्रण या तिन्ही व्यवहारांत होती. माधवराव सप्रे (1871–1926) हे या सरमिसळीचे ठळक उदाहरण होय. मातृभाषा मराठी असलेल्या सप्र्यांनी 1900 साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. 1901 मध्ये त्याच मासिकात प्रसिद्ध झालेली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये गणली जाते. 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' यांचे हिंदी अनुवादही त्यांनीच केले. हिंदी वाङ्मयेतिहासात सप्र्यांना मानाचे स्थान आहे. मराठी वाङ्मयेतिहासात त्यांचा उल्लेख झालाच तर ओझरता होतो. भाषानिहाय इतिहासलेखनाच्या चौकटीत सीमेवरचा लेखक एका बाजूला जमा होतो आणि दुसऱ्या बाजूच्या खात्यात त्याची नोंदच राहत नाही.

दुसरे उदाहरण मुक्तिबोध बंधूंचे. गजानन माधव मुक्तिबोध (1917–1964) घरी मराठी बोलणारे. परंतु 'तार सप्तक' (1943) पासून त्यांचे कर्तृत्व हिंदी कवितेत प्रकटले. नागपुरात आकाशवाणीच्या वृत्तविभागात आणि 'नया खून' या साप्ताहिकात काम केल्यानंतर 1958 मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. राजनांदगाव त्या वेळी दुर्ग जिल्ह्यातच होते. दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी 1959 मध्ये, त्याच जिल्ह्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध (1921–1984) यांनी मात्र मराठीत लिहिले. 'नवी मळवाट' (1949) व 'यात्रिक' (1957) हे कवितासंग्रह, 'क्षिप्रा' (1954), 'सरहद्द' (1962) व 'जन हे वोळतु जेथे' (1969) या कादंबऱ्या आणि साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' हा ग्रंथ ही त्यांची मराठी समीक्षेला परिचित असलेली कामगिरी. एका घरातील, एकाच वैचारिक वातावरणात वाढलेले, मार्क्सवादाशी जवळून संबंध आलेले दोन कवी दोन भाषांत लिहितात, अशी घटना तौलनिक अभ्यासकाला वारंवार लाभत नाही.

या दोघांचे लेखन आता डिजिटल रूपात आणावयाचे आहे, असे मानू या. येथून डिजिटल माध्यमांच्या अभ्यासाला खरा प्रारंभ होतो.

3

यंत्राच्या दृष्टीने हिंदी आणि मराठी यांच्यात लिपीच्या पातळीवर सीमारेषा नाही. 1991 साली युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला 128 स्थानांचा एक विभाग मिळाला. हा विभाग हिंदी, मराठी, संस्कृत, नेपाळी, कोकणी अशा सर्व भाषांना समाईक आहे. 'क' हा मराठीतला असो वा हिंदीतला, त्याचा क्रमांक एकच. भाषा कोणती, हे अक्षरांच्या क्रमांकांत लिहिलेले नसते. ते संहितेबाहेर एखाद्या खुणेने सांगावे लागते, किंवा यंत्राने शब्दांवरून अनुमानाने ओळखावे लागते.

याचा परिणाम अर्थाच्या पातळीवर दिसतो. 'शिक्षा' हा शब्द हिंदीत विद्यादानाचा आणि मराठीत दंडाचा वाचक आहे. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न दर्शविते, मराठीत थट्टा. 'संसार' हिंदीत जग होय, मराठीत प्रामुख्याने गृहस्थाश्रमाचा व्याप. दोन्ही बंधूंच्या संहिता एकत्र करून शब्दांची वारंवारता मोजली, तर यंत्र हे शब्द निःशंकपणे एकाच रकान्यात घालील. आकडा अचूक असेल आणि निष्कर्ष चुकीचा. तौलनिक अभ्यासकाला हा धोका अनुवादचर्चेतील फसव्या सादृश्याच्या रूपाने पूर्वीपासून ठाऊक आहे. नवे एवढेच की, पूर्वी ही चूक अनुवादक करीत असे आणि ती एखाद्या वाक्यापुरती राहत असे. आता ती गणनेच्या पायातच बसते आणि हजारो पानांवर पसरते.

उलट, जेथे भाषाभेद लिपीत उतरतो, तेथे तो टिकवून धरणे कष्टाचे असते. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या जोड्यांतील फरक मराठी वाचकाला सहज दिसतो. एका चिन्हाच्या भेदाने समुद्राच्या दऱ्या होतात आणि गुरूचा स्वयंपाकी होतो. हिंदीला या चिन्हाची गरज नाही. त्यामुळे हिंदीसाठी घडविलेल्या अक्षर-ओळख प्रणालीकडून मराठी पान वाचून घेतले, तर हा भेद पुसला जाण्याचा संभव असतो. इंग्रजी शब्दांच्या लेखनासाठी मराठीत रुळलेल्या 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते 2008 मध्ये. तोवर ते अन्य चिन्हांच्या जुळणीने साधावे लागे. हिंदीची अडचण वेगळ्या प्रकारची. नुक्ता असलेले 'ज़' हे अक्षर एका क्रमांकानेही लिहिता येते आणि 'ज' व नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही. डोळ्याला दोन्ही सारखीच. शोध घेणाऱ्या यंत्राला ती एकच आहेत, हे वेगळे शिकवावे लागते. गजानन मुक्तिबोधांच्या 'अँधेरे में' या कवितेचा शोध चंद्रबिंदूने घेतला तर एक उत्तर आणि अनुस्वाराने घेतला तर दुसरे, असे होऊ शकते. धाकट्या बंधूंचे नावही मराठी रीतीने 'शरच्चंद्र' आणि हिंदी रीतीने 'शरच्चन्द्र' असे लिहिले गेले, तर एकाच लेखकाच्या दोन नोंदी होतात.

युनिकोडपूर्व काळातील संचिताचा प्रश्न याहून बिकट आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मराठी अक्षरजुळणी श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींवर होत असे आणि हिंदी पट्ट्यात कृतिदेव रूढ होता. अशा टंकांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. टंक नसलेल्या संगणकावर तीच धारिका उघडली की निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी दिसत. दोन्ही भाषांची लिपी एक असूनही त्या काळातील त्यांच्या धारिका परस्परांना अनाकलनीय होत्या. लिपीचे ऐक्य छापील पानावर होते, यंत्राच्या पोटात नव्हते. पुढे युनिकोडने ते ऐक्य साधले. पण त्या ऐक्यात भाषाभेदाची नोंद ठेवण्याची जबाबदारी अभ्यासकावर आली. हा इतिहास पदव्युत्तर वर्गात शिकविला गेला पाहिजे. मोडीकडून बाळबोधीकडे आणि हस्तलिखिताकडून शिळाप्रेसकडे झालेली स्थित्यंतरे आपण ज्या गांभीर्याने शिकवितो, तेच गांभीर्य येथेही अपेक्षित आहे.

4

मराठीला हे प्रश्न परके नाहीत. शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 साली, एकनाथांनी 'ज्ञानेश्वरी'च्या प्रतींतील पाठभेद पाहून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. लेखन एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत जाताना बदलते, हे भान मराठी वाङ्मयव्यवहारात तेव्हापासून आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने 1919 मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पूर्णत्वास गेली. अ. का. प्रियोळकरांनी संहितासंपादनाबरोबरच भारतातील मुद्रणाचा इतिहासही लिहिला. ज्या अभ्यासकाने पाठ तपासला, त्यालाच मुद्रणयंत्राचाही विचार करावासा वाटला, ही गोष्ट आजच्या संदर्भात बोलकी आहे. माध्यमाचा अभ्यास आणि संहितेचा अभ्यास यांची फारकत ही आपल्या परंपरेची देणगी नव्हे. ती विद्यापीठीय विभागरचनेने केलेली आहे.

ही फारकत टाळून काय साधता येते, याचा भारतीय भाषांतील दाखला बंगालीत आहे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात 1956 साली बुद्धदेव बसूंनी तौलनिक साहित्याचा विभाग स्थापन केला. त्याच विद्यापीठात सुकांत चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली 2013 मध्ये 'बिचित्रा' हा रवींद्रनाथांच्या साहित्याचा पाठभेदकोश डिजिटल रूपात सिद्ध झाला. त्यात हस्तलिखिते, नियतकालिकांतील पाठ व ग्रंथरूप पाठ यांच्या एक लाखाहून अधिक पृष्ठप्रतिमा आहेत. पाठांची परस्परांशी ताडणी करणारी 'प्रभेद' ही संगणकीय प्रणालीही त्यासाठी घडविली गेली. साधन येथे प्रश्नातून निर्माण झाले, हे महत्त्वाचे. रवींद्रनाथांच्या खाडाखोडीचे काय करावे, हा प्रश्न आधी होता.

गजानन मुक्तिबोधांच्या संदर्भात असा प्रश्न तितकाच तीव्र आहे. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह 'चाँद का मुँह टेढ़ा है' 1964 साली छापून आला, तेव्हा कवी हयात नव्हता. 'अँधेरे में' ही दीर्घ कविता नोव्हेंबर 1964 च्या 'कल्पना' मासिकात 'आशंका के द्वीप : अँधेरे में' या शीर्षकाने आली आणि संग्रहात केवळ 'अँधेरे में' या नावाने राहिली. पुढे नेमिचंद्र जैन यांनी संपादिलेली सहा खंडांची 'मुक्तिबोध रचनावली' 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. नियतकालिक, संग्रह, रचनावली अशा तीन पायऱ्या येथे स्पष्ट आहेत. चौथी पायरी पडद्यावरील पाठाची. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने उभारलेल्या 'हिंदी समय' या संग्रहाने मुक्तिबोधांचे लेखन वाचकांसाठी मुक्तपणे उपलब्ध केले. मराठी मुलखातील हिंदी विद्यापीठाने मराठीभाषक हिंदी कवीचे लेखन डिजिटल रूपात आणावे, यात सप्र्यांच्या काळापासूनचा एक प्रवाह पुढे सरकलेला दिसतो. परंतु पडद्यावरील पाठ वाचणाऱ्या विद्यार्थ्याने तो कोणत्या मुद्रित पाठावर आधारलेला आहे, हा प्रश्न विचारावयास शिकले पाहिजे. छापील पुस्तकाचे मुखपृष्ठ व श्रेयपान आवृत्तीची ओळख सांगतात. पडद्यावरील पाठाला बहुधा असे पान नसते.

शरच्चंद्रांच्या कादंबऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम 1962 मध्ये आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. 'क्षिप्रा' ही त्यापूर्वीची, 'जन हे वोळतु जेथे' ही त्यानंतरची. 1962 पूर्वीच्या मुद्रणात सामान्यतः आढळणारी 'केलें', 'घरांत' अशी रूपे आणि नंतरची 'केले', 'घरात' ही रूपे यंत्राला भिन्न शब्द वाटतात. मूळ आवृत्त्यांवरून संगणकीय शैलीमीमांसा करणारा अभ्यासक नियमबदलालाच लेखकाचे शैलीपरिवर्तन समजून बसण्याची शक्यता आहे. नव्या आवृत्तीवरून ती केली, तर संपादकाच्या हाताने झालेला बदल नजरेआड होतो. कोणताही पर्याय निर्दोष नाही. कोणता पर्याय का निवडला, हे सांगता येणे, हीच येथे पदव्युत्तर पातळीची कसोटी ठरावी.

5

डिजिटल माध्यमांविषयी पाश्चात्त्य समीक्षेने उभारलेली सैद्धांतिक चौकट या प्रश्नांना कितपत उपयोगी पडते? जॉर्ज लँडो यांनी 1992 मध्ये हायपरटेक्स्टची सांगड उत्तरसंरचनावादी विचाराशी घातली. एस्पेन आर्सेथ यांनी 1997 मध्ये 'सायबरटेक्स्ट' या संकल्पनेद्वारे वाचकाला कृती करावयास लावणाऱ्या संहितांचे वर्णन केले. लेव्ह मॅनोविच यांनी 2001 मध्ये नवमाध्यमांची भाषा चित्रपटाच्या इतिहासाशी जोडली. या ग्रंथांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिन्हींमध्ये एक गृहीतक अनुक्त राहते : संहितेतील अक्षर यंत्रात पोहोचलेले आहे. रोमन लिपीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे होते. देवनागरीच्या बाबतीत 1992 साली अक्षर यंत्रात कसे पोहोचवावे, हाच वादाचा विषय होता. म्हणून आपला अभ्यास त्यांच्या दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करता येत नाही. पहिले प्रकरण आपणच लिहिले पाहिजे.

फ्रँको मोरेत्ती यांनी 2000 साली विश्वसाहित्याच्या संदर्भात मांडलेले दूरस्थ वाचनाचे सूत्र तौलनिक अभ्यासकांत बरेच चर्चिले गेले. संहिता जवळून वाचण्याऐवजी शेकडो संहितांतील आकृतिबंध दुरून पाहावेत, असा त्याचा आशय. ज्या साहित्यात विश्वसनीय डिजिटल संचय मोठा आहे, तेथे हा प्रयोग फलदायी ठरू शकतो. मराठीत त्याआधीची पायरी, म्हणजे संचयाची विश्वसनीयता, अद्याप वादातीत नाही. दूरस्थ वाचनासाठी आधी कोणीतरी अत्यंत जवळून वाचलेले असावे लागते. अक्षर-ओळखीतून आलेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहणारा मुद्रितशोधक हा या उभारणीतील पहिला वाचक होय आणि त्याचे श्रम सिद्धांतचर्चेत सहसा मोजले जात नाहीत.

येथे एक आक्षेप संभवतो. डिजिटल माध्यमे म्हणजे जुन्या पुस्तकांच्या प्रतिमा नव्हेत. चलच्चित्रे, ध्वनिसंदेश, भ्रमणध्वनीवरून होणारे रोजचे लेखन हे त्यांचे जिवंत क्षेत्र आहे, आणि पाठचिकित्सेचा आग्रह अभ्यासाला पुन्हा ग्रंथालयात कोंडील. आक्षेपात तथ्य आहे. परंतु हथखोजचा विद्यार्थी नागपूरच्या नातेवाइकांना रोमन लिपीत मराठी संदेश धाडतो, त्यात हिंदी क्रियापद मिसळतो, आणि यंत्र त्याच्या शब्दाला हिंदी पर्याय सुचविते, तेव्हाही प्रश्न तोच असतो. लेखन कोणत्या भाषेत आहे, हे कोण ठरवीत आहे? ग्रंथालयात हा प्रश्न नीट विचारावयास शिकलेला अभ्यासक हातातील पडद्यालाही तो विचारू शकतो. शिवाय माध्यमांतराचा व्यापक विचारही याच पायावर उभा राहतो. मुक्तिबोधांच्या लेखनावर आधारलेला मणी कौल यांचा 'सतह से उठता आदमी' (1980) हा चित्रपट अभ्यासावयाचा, तर कोणत्या संहिता तेथे एकत्र आल्या आणि पडद्यावर त्यांचे काय झाले, हे आधी पाहावेच लागते.

6

या विवेचनातून अभ्यासक्रमाविषयी काही सूचना निघतात. डिजिटल माध्यमांचा पदव्युत्तर अभ्यास एखाद्या सुट्या पत्रिकेत न कोंडता दोन भाषांतील एका संहितायुग्माभोवती रचता येईल. मुक्तिबोध बंधूंचे प्रत्येकी एक पुस्तक घ्यावे. पहिल्या सत्रात त्यांच्या मुद्रित आवृत्त्यांची ताडणी. दुसऱ्यात लिपी, संकेतप्रणाली व शुद्धलेखन यांच्या इतिहासासह त्यांचे डिजिटल रूपांतर. तिसऱ्यात भाषाखुणा व टीपांसह तौलनिक वाचन. आणि चौथ्यात त्या पायावर गणनात्मक अथवा माध्यमांतराचा अभ्यास. प्रताधिकाराचा विचारही याच क्रमात यावा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षांपर्यंत त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचे हक्क सुरक्षित असतात. थोरल्या बंधूंच्या अशा लेखनाची ही मुदत 2024 अखेर संपली. धाकट्यांच्या लेखनाची 2044 अखेरपर्यंत चालेल. एकाचे उपलब्ध आणि दुसऱ्याचे मर्यादित, ही विषमता वाङ्मयीन मूल्यांतून आलेली नाही, तरी वाचनव्यवहारावर तिचा परिणाम होणारच. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या संहितांची गणना प्रसिद्धीच्या वर्षापासून होते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. 'अँधेरे में' आणि 1980 मध्ये प्रथमच प्रकाशात आलेली एखादी रचना या दृष्टीने एका पातळीवर नाहीत. म्हणजे पाठाचा प्रकाशनेतिहास हा कायद्याचाही प्रश्न होतो.

अशा अभ्यासक्रमाला एकाच विभागाचा अध्यापक पुरणार नाही. मराठी, हिंदी आणि संगणकशास्त्र यांतील अध्यापकांना एका टेबलाशी बसावे लागेल, आणि आपल्या विद्यापीठीय रचनेत हीच सर्वांत कठीण गोष्ट आहे. वसंत बापटांनी 1981 मध्ये 'तौलनिक साहित्याभ्यास : मूलतत्त्वे आणि दिशा' या ग्रंथात या ज्ञानशाखेची मराठीतून मांडणी केली. त्यानंतरच्या चार दशकांत तौलनिक अभ्यासाची चर्चा पुष्कळ झाली. दोन भारतीय भाषांच्या संहिता शेजारी ठेवून त्यांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम त्या मानाने मागे राहिले. डिजिटल माध्यम हे काम आपोआप करून देणार नाही. पण ते आता पुढे ढकलता येणार नाही, अशी निकड मात्र त्याने निर्माण केली आहे. डिजिटल रूपात आलेला मजकूर आज भाषेची संगणकीय प्रतिमाने घडविण्यासाठीही वापरला जातो. 'दऱ्यां'चा 'दर्या' झालेली प्रत केवळ एका वाचकाला फसवीत नाही. पुढे मराठी लिहू पाहणाऱ्या यंत्रालाही ती तेच शिकविते.

2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजाततेची चर्चा प्राचीन संहितांभोवती फिरते, आणि ते स्वाभाविक आहे. तथापि एखादी भाषा आपल्या संहिता एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात किती साक्षेपाने नेते, यावरही तिची प्रौढी जोखली जावी. हथखोजचा विद्यार्थी महाराष्ट्राबाहेर राहतो. भाषानिहाय खातेवहीत तो हिंदी विभागाचा विद्यार्थी म्हणून नोंदला जाण्याची शक्यता अधिक. 'क्षिप्रा' आणि 'चाँद का मुँह टेढ़ा है' ही दोन्ही पुस्तके मूळ भाषेत वाचू शकेल असा वाचक मात्र तोच आहे. अभ्यासक्रमाने त्याच्या या दुहेरी वाचनक्षमतेला उणीव मानावयाचे की अभ्यासाची पहिली अर्हता, हा निर्णय आपल्या विभागांना घ्यावयाचा आहे.